परळचे एक घर आणि त्याचे धनी



एखाद्या घराचा इतिहास सांगायचा म्हटला म्हणजे खरेदीखते, गहाणखते आणि वाटणीपत्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. आजोबांनी बांधले, मुलांनी माडी चढविली, नातवांनी भांडून विकले, अशी हकीकत प्रत्येक गावात ऐकावयास मिळते. आज मी ज्या घराविषयी बोलणार आहे, त्याचेही धनी अनेक झाले. परंतु ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले ते पैशापेक्षा लढाईमुळे, राजकारणामुळे आणि रोगराईमुळे. हे घर मुंबईतील परळ भागात, आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेच्या आवारात उभे आहे. आज ती जागा शहराच्या ऐन गर्दीत सापडली आहे. पण घर प्रथम उभे राहिले तेव्हा परळ हे किल्ल्यापासून सुमारे पाच मैलांवरचे, ताडामाडांच्या आणि आंब्यांच्या छायेतले एक खेडे होते.

त्या काळची मुंबई म्हणजे सात बेटांचा समूह. भरतीच्या वेळी पाणी आत शिरे आणि परळहून किल्ल्याकडे जाणाऱ्याला चिखल व खाजणे ओलांडावी लागत. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईसह ही बेटे पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यांच्यामागून ख्रिस्ती धर्मसंघ आले. त्यांपैकी जेझुइट संघाचे ठाणे वांद्र्यास होते आणि खाडीच्या अलीकडे परळ, माहीम, शीव ह्या भागांतही त्यांच्या जमिनी होत्या. १६७३ साली मुंबईस आलेला जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर परळ येथील त्यांच्या चर्चचा आणि त्यास जोडलेल्या जमिनींचा उल्लेख करतो. आपल्या घराचे हे पहिले ठाऊक असलेले धनी.

पहिले ठाऊक असलेले, असे मी मुद्दाम म्हटले. परळ हे नाव परळी वैजनाथ महादेवावरून पडले अशी एक परंपरागत समजूत आहे, तर ते पाडळीच्या झाडावरून आले असे दुसरे काही जण मानतात. पुढे १९३१ मध्ये ह्याच परळमध्ये रस्त्याचे काम चालू असताना अखंड दगडात कोरलेले शिवाचे एक भव्य प्राचीन शिल्प सापडले. ते आज बारादेवीच्या मंदिरात आहे. तेव्हा जेझुइटांनी येथे पाया घातला त्याच्या कित्येक शतके आधी ह्या परिसरात भक्तीचा दिवा तेवत होता, हे उघड आहे. कोणत्याही घराचा पहिला धनी शोधू गेले की त्याच्याही आधीचा कोणी तरी मातीतून वर येतो.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ह्यांच्या विवाहाच्या तहात, १६६१ साली, मुंबई इंग्रजांस आंदण मिळाली. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने ती वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केली. शाळेत आपण हा धडा मुलांना दोन ओळींत शिकवितो आणि पुढे जातो. पण बेट आंदण दिले म्हणून बेटावरची शेते, नारळीच्या वाड्या आणि चॅपले कोणाची झाली? राजाने राज्य दिले. प्रजेची मालमत्ता त्याने दिली होती काय? ह्या प्रश्नावर इंग्रज आणि जेझुइट ह्यांची वर्षानुवर्षे तक्रार चालली.

त्या तक्रारीत तेल पडले ते जंजिऱ्याच्या सिद्दीमुळे. १६८९ मध्ये सिद्दी याकूत खानाने मुंबईवर स्वारी केली आणि वर्षाहून अधिक काळ इंग्रजांना किल्ल्यात कोंडून ठेवले. वांद्र्याच्या जेझुइटांनी सिद्दीला आतून मदत केली, असा इंग्रजांचा ग्रह झाला आणि वेढा उठल्यावर त्यांच्या जमिनींवर जप्ती आली. हा आरोप करणारेही इंग्रज आणि निवाडा देणारेही इंग्रजच, हे आपण लक्षात ठेवलेले बरे. परळचे घर सरकारजमा झाल्याचे साल सामान्यतः १७१९ असे देतात. चार्ल्स बून हा तेव्हा गव्हर्नर होता. ह्याच बूनच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट उभा राहिला आणि कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराशी कंपनीचे झगडे झाले. पोर्तुगीज धर्मगुरूंविषयीचा संशय एवढा वाढला की १७२० मध्ये फ्रान्सिस्कन संघाला बेटावरून घालवून मुंबईतील कॅथॉलिकांची व्यवस्था कार्मेलाइट संघाकडे देण्यात आली. ह्याउलट, १८२५ मध्ये मुंबईस आलेल्या बिशप हीबर ह्यांच्या कानी निराळीच हकीकत आली. हे चर्च उपासना बंद पडल्यावर एका पारशी व्यापाऱ्याकडे होते आणि त्याच्याकडून सरकारने ते घेतले, असे त्यांना सांगण्यात आले. जप्तीची गोष्ट शंभर वर्षांनी खरेदीची गोष्ट होऊन बसली! घर बळकावणाऱ्याला बळकावल्याची आठवण फार दिवस सोसत नाही, हेच ह्यावरून दिसते.

असो. चॅपल गेले आणि त्या जागी गव्हर्नरसाहेबांचा हवापालटाचा बंगला झाला. उपासनेच्या दालनाचे दोन मजले करण्यात आले. खाली भोजनगृह आणि वर नाचघर. १७६३ मध्ये मुंबईस आलेल्या कार्स्टेन नीबूर ह्या प्रसिद्ध प्रवाशाने ह्या दालनाची मुक्तकंठाने स्तुती केली असून ते पूर्वी जेझुइटांचे चर्च होते ह्याचीही नोंद केली आहे. जेथे मिस्साबलीची घंटा वाजत असे तेथे मेजवान्यांचे पेले वाजू लागले. मी कॅथॉलिक असल्यामुळे हे वाक्य उच्चारताना माझ्या मनाला थोडी चुटपुट लागते, हे नाकारीत नाही. पण ती चुटपुट फार ताणणेही योग्य नव्हे, असे मला का वाटते ते पुढे सांगेन.

१७७१ ते १७८४ गव्हर्नर असलेला विल्यम हॉर्नबी हा ह्या घरात कायमचा राहू लागलेला पहिला गव्हर्नर. हा काळ आपणा मराठी माणसांच्या चांगल्याच परिचयाचा. राघोबादादांशी १७७५ चा सुरतेचा तह झाला तो ह्या हॉर्नबीच्या मुंबई सरकारने. १७७९ मध्ये वडगावला शरणागतीचा करार लिहून देण्याची पाळी आली ती ह्याच सरकारच्या फौजेवर. आणि १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने ग्वाल्हेरनजीक सालबाई येथे तह होऊन हे युद्ध मिटले. पुण्याचे कारभारी ज्या मुंबईकर इंग्रजांना दोष देत असत, त्यांचा प्रमुख ह्या परळच्या घरात राहत होता. वरळी आणि महालक्ष्मी ह्यांच्यामधल्या खिंडीतून आत शिरणारे समुद्राचे पाणी अडविणारा बांध हॉर्नबीच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्यामुळे बेटे जोडली जाऊ लागली, खाजणे सुकली आणि परळ शहराच्या जवळ आले.

घराच्या इतिहासातले एक सुंदर पान १८०४ चे आहे. त्या वर्षी सर जेम्स मॅकिंटॉश हे विद्वान गृहस्थ मुंबईचे न्यायाधीश म्हणून आले. गव्हर्नर जोनाथन डंकन ह्यांनी परळचा बंगला त्यांना राहावयास दिला आणि मॅकिंटॉश ह्यांनी आपला मोठा ग्रंथसंग्रह तेथे मांडला. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी त्यांनी मुंबईची लिटररी सोसायटी स्थापन केली, ती ह्याच घरी. हीच संस्था पुढे एशियाटिक सोसायटी म्हणून नावारूपास आली आणि टाउन हॉलमधील तिच्या ग्रंथालयाने विद्वानांच्या अनेक पिढ्या पोसल्या. पुढे १८१९ ते १८२७ पर्यंत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन येथे नांदले. पेशवाई बुडविण्यात ज्याचा प्रमुख हात होता तोच हा पुरुष. पण आपल्या मुलखातल्या शाळा, मराठी शालेय पुस्तके आणि शिक्षणसंस्था ह्यांच्या आरंभाशीही त्याचे नाव निगडित आहे. माणसाचा न्याय एका ओळीत करता येत नाही, तसा घराचाही करता येत नाही.

नोव्हेंबर १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज, पुढचे सातवे एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले तेव्हा त्यांचा मुक्काम परळलाच होता. घराच्या वैभवाचा तो कळस म्हणावयास हरकत नाही. पण तोवर आजूबाजूचे परळ बदलून गेले होते. १८५४ नंतर मुंबईत कापडाच्या गिरण्या निघू लागल्या होत्या आणि त्यांची धुराडी परळच्या आसमंतात दाटीने उभी राहू लागली. रेल्वेचे कारखाने आले. कोकणातून, घाटावरून माणसे आली, चाळी उठल्या, गटारे तुंबू लागली. ज्या मोकळ्या हवेसाठी साहेब परळला येत असत, ती हवा आता मलबारच्या टेकडीवर गेली. अशात १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्या पत्नी लेडी ऑलिव्ह फर्ग्युसन ह्याच घरी पटकीने वारल्या. पटकी चाळीत शिरते तशीच ती राजवाड्यातही शिरते, हे त्या दिवशी सरकारला कळले. १८८५ पासून मलबार पॉइंट हेच गव्हर्नरांचे अधिकृत निवासस्थान ठरले. परळचे घर ओस पडले. त्याची श्रीमंती सरली आणि माझ्या मते त्याचे खरे आयुष्य सुरू झाले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात एक विचित्र ताप दिसू लागला. काखेत, जांघेत गाठ येई आणि माणूस तीन-चार दिवसांत जाई. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान डॉ. अकासिओ व्हिएगास ह्यांनी केले. हे गोव्याच्या हडफडे गावचे सुपुत्र. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. आज त्यांचा पुतळा धोबीतलावावर उभा आहे. प्लेगने काय कहर केला तो आपल्या घराघरांत आजी-पणजीच्या तोंडून ऐकलेला आहे. लाखो माणसांनी मुंबई सोडली आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुल्यांनी देह ठेवला. २२ जून १८९७ ला रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली, ती प्लेगच्या बंदोबस्तात झालेल्या जुलमामुळे. लोकांना रोगाइतकीच रुग्णालयाचीही धास्ती होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली होती.

ह्या काळात परळच्या ओस पडलेल्या राजवाड्यात प्लेगचे रुग्णालय उघडण्यात आले. ज्या आवारात युवराजांच्या स्वागताची रोषणाई झाली होती तेथे गोरगरिबांच्या खाटा पडल्या. जेझुइटांचे चॅपल गेल्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, ह्या आवारात पुन्हा एकदा कोणी मरणोन्मुख माणसाच्या उशाशी बसू लागले.

आता ज्याचे नाव ह्या घराला कायमचे चिकटले, तो पुरुष रंगभूमीवर येतो. वाल्देमार हाफकिन हे १८६० मध्ये ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. प्लेग सुरू होताच ते मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही स्वतःच्या अंगावर घेतली. लस करण्याची त्यांची रीत मोठी मनोवेधक होती. मांसाच्या रसात तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांच्या तळाशी प्लेगचे जंतू लोंबत्या मुळांसारखे वाढत. मग ते उष्णतेने मारीत. हिंदू किंवा मुसलमान कोणाचीही भावना दुखावू नये म्हणून गाईचे वा डुकराचे मांस टाळून बकऱ्याचे मांस वापरीत. जो परका शास्त्रज्ञ एवढे ध्यानात ठेवतो, त्याला आपण परका का म्हणावे?

बडोद्याच्या श्रोत्यांना एक गोष्ट अवश्य ठाऊक असावी. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातील उंढेरा गावी हाफकिन ह्यांनी प्रत्येक कुटुंबातील सुमारे अर्ध्या माणसांस लस टोचली व अर्ध्यांस तशीच ठेवली. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांस प्लेग झाला व ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांस झाला व २६ दगावले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे अन्न खाणारी ही माणसे होती. ह्याहून बोलका पुरावा कोणता? त्याच वर्षी हुबळीतही हजारो लोकांनी लस टोचून घेतली. मुंबईत तरुण आगाखानांनी स्वतः टोचून घेऊन आपल्या खोजा अनुयायांस धीर दिला आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही उपलब्ध करून दिला.

तोही बंगला अपुरा पडू लागला, तेव्हा सरकारने परळचा राजवाडा हाफकिन ह्यांच्या हवाली केला. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे तेथे उद्घाटन झाले. पुढे १९०६ मध्ये तिचे नाव मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले. उंदराच्या अंगावरील पिसूमुळे प्लेग माणसास होतो, हा सिद्धांत पॉल-लुई सिमाँ ह्यांनी १८९८ मध्ये मांडला होता. त्याला शंकेस जागा न ठेवणारी प्रयोगांची जोड ह्या परळच्या घरात लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली. १८९७ ते १९२५ ह्या काळात मुंबईहून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या.

पण घराला हे नाव देणाऱ्या माणसाला घराने सुख दिले नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांतील एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आणि पर्यायाने हाफकिन ह्यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. त्या गावी बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट चौकशीच्या कागदांतच होती. तरीही माणसाला निर्दोष ठरावयास पाच वर्षे लागली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांची बाजू मांडली, तेव्हा सरकारने दोष मागे घेतला. हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले ते कलकत्त्यास. परळची त्यांची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव देण्यात आले. सन्मानाने ते हळवे झाले असतील. पण त्यांचे उमेदीचे दिवस त्या नावाने परत आले नाहीत. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते निवर्तले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले हिंदी संचालक झाले. स्वातंत्र्यानंतर घर आपल्या सरकारचे झाले. १९७० नंतरच्या दशकात लसनिर्मितीसाठी स्वतंत्र महामंडळ निघाले आणि संशोधन, शिक्षण व चाचणी हे काम संस्थेकडे राहिले. पोलिओचे थेंब आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे ह्या चार विषारी सापांच्या दंशावरची लस ह्या नावाशी जोडली गेली. शेतात साप चावलेल्या माणसास तालुक्याच्या दवाखान्यात सुई दिली जाते, तेव्हा ती सुई आणि परळचे हे जुने घर ह्यांचे काही नाते असू शकते, हे त्या माणसाच्या गावीही नसते.

आता आरंभी राहिलेल्या मुद्द्याकडे वळतो. ह्या घरावर खरा हक्क कोणाचा? शिवभक्त म्हणतील, आमची भूमी. आम्ही कॅथॉलिक म्हणू, आमचे चॅपल. कोणी म्हणेल, राज्यकर्त्यांचा वाडा. कोणी म्हणेल, शास्त्रज्ञांची वास्तू. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि जेझुइटांवर अन्याय झाला असेल तर तो अन्यायच म्हटला पाहिजे. पण त्याच संघाचे वर्तन पाहा. १७७३ मध्ये तो संघच विसर्जित झाला आणि १८१४ मध्ये पुन्हा जिवंत झाला. त्यातील मंडळी मुंबईस परतली आणि १८६९ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेज काढले. गेलेल्या घराच्या उंबऱ्यावर बसून राहण्यापेक्षा नव्या घरात मुलांना शिकविणे त्यांनी पत्करले. माझी चुटपुट मी फार ताणीत नाही, त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण असे. गोव्याचा ख्रिस्ती डॉक्टर, ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ, खोजांचा धर्मगुरू, बडोद्याचे मराठी राज्य आणि उंढेऱ्याचे शेतकरी हे सारे ज्या कामात एकत्र आले, ते काम शेवटी ह्या घरात येऊन स्थिरावले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपणां मराठी लोकांना हा विचार जवळचा वाटावा. इंदूर, हैदराबाद, बेळगाव येथे आपण ज्या वास्तूंत राहतो, ज्या शाळांत शिकतो, त्यांतील कितीतरी दुसऱ्यांनी बांधलेल्या आहेत. आणि आपल्या पूर्वजांनी बांधलेल्या कितीतरी वास्तूंत आज दुसरे राहतात. त्यांच्या कागदपत्रांचा वाद न्यायालयात चालावयाचा तो चालो. पण उंबऱ्याच्या आत आज कोणाचे दुःख हलके होते, हा प्रश्न प्रत्येक घरमालकाने, प्रत्येक पंचाने आणि प्रत्येक विश्वस्ताने स्वतःस विचारण्याजोगा आहे. परळच्या घराने ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास पावणेदोनशे वर्षे घेतली. आपण एवढा वेळ घेऊ नये, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.